खाऱ्या टाकीतले अनोळखी किडे : प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

आज तिसरी गोगलगाय गेली.

टाकी २०० लिटरची, चार वर्षं चालू आहे. पाणी सगळं तपासलं. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५.५ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास. पाण्यात खोट नाही. मासे नीट खातायत, कोरल पूर्ण उघडलेले आहेत. मरतायत त्या फक्त टर्बो गोगलगायी, आणि त्याही एका जुन्या टाकीतून आलेले दोन लाइव्ह रॉक, म्हणजे आत बारीक जीव वस्तीला असलेले दगड, आत ठेवल्यापासून. त्याला तीन आठवडे झाले. ते दगड आधी वेगळ्या टबात ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. मी थेट टाकीत ठेवले.

शंख उचलला तर आतून अगदी लख्ख. पांढरं जाड झाकण वाळूत वेगळं पडलेलं. पण रिकामा शंख सापडला म्हणजे शिकारच झाली, असं म्हणता येत नाही. मेलेली गोगलगाय टाकीतले सफाईवाले एका रात्रीत फस्त करतात. सकाळी आपल्या हाती येतं ते फक्त कवच. मारलं कोणी आणि खाल्लं कोणी, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून या वहीचा एकच नियम ठेवते आहे. ओळख पटल्याशिवाय टाकीतला एकही जीव काढायचा नाही. प्रत्येकाची नोंद करायची: कुठे दिसला, किती वाजता, अंगावर वलयं आहेत का, डोकं कसं आहे, आणि दिसला तेव्हा करत काय होता.

४ जानेवारी, रात्र

दिवे घालवून दीड तास थांबले, मग टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधून टाकीसमोर बसले. पांढरा उजेड पडला की बहुतेक किडे क्षणात बिळात जातात. लाल उजेडाकडे त्यांचं फारसं लक्ष जात नाही.

चार वर्षं मी ही टाकी दिवसाच पाहत आले, असं आज वाटलं. रात्री तिथे दुसरीच वस्ती असते.

नव्या दगडाच्या खालच्या भेगेतून दहाबारा पांढरे दोरे वाळूवर पसरलेले होते, प्रत्येक वीतभर. त्यांच्यावरून मातीचे बारीक कण एकामागून एक सरकत भेगेकडे जात होते. पेनाची टोपी एका दोऱ्याला लावली तर फक्त तोच आखडला. हा टेरेबेलिड. किडा आत नळीत बसलेला असतो आणि दिसतात त्या त्याच्या शुंडिका. गाळ वेचून खातो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

मागच्या काचेवर पांढऱ्या चकल्यांसारखी बारीक वेटोळी आहेत, दोन मिलिमीटरच्या आतली, शेकड्यांनी. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकीच्या तोंडाशी पिसांचा इवलासा तुरा. हे स्पायरॉर्बिड, पाणी गाळून जगणारे. यांनाही हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट फसवी आहे. दगडाच्या माथ्यावर सेंटिमीटरभर उंच, कडक, वेडीवाकडी नळी आणि तिच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा पाण्यात सोडलेला. बघणारा तिला किड्याची नळी म्हणेल, पण आत किडा नसतो. ही व्हर्मेटिड, म्हणजे जागेला कायमची चिकटलेली गोगलगाय. तिची जाळी कोरलवर पडली की कोरल मिटून बसतो. अशा चार नळ्या मोजल्या. तोंडावर सायनोॲक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) थेंब टाकून बंद करता येतील. त्या गोगलगायी मारत नाहीत, त्यामुळे घाई नाही.

आणि ब्रिस्टलवर्म, अंगाच्या दोन्ही बाजूंना काट्यांचे झुबके असलेले किडे. वीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.

६ जानेवारी

एक ब्रिस्टलवर्म पकडला. पाण्यात बुडणाऱ्या नळीच्या तुकड्यात कोळंबीचा कण ठेवून तो वाळूवर आडवा टाकला होता. तासाभरात आत दोन शिरले. त्यातला एक टाकीच्याच पाण्यासकट पांढऱ्या वाडग्यात घेतला आणि भिंगाखाली पाहिला.

लांबी नऊ सेंटिमीटर. पाठ राखाडी-गुलाबी, मधूनच हिरवट झाक. प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वपाद, म्हणजे पायांसारखे आखूड अवयव, आणि त्यांवर पांढऱ्या दृढरोमांचे, म्हणजे काट्यांसारख्या ताठ केसांचे झुबके. चालताना झुबके मिटलेले असतात. लाकडी काडीने हलकेच डिवचलं तर सगळे एकदम फुलले आणि किडा दुप्पट जाड दिसायला लागला. झुबक्यांच्या मुळाशी तांबूस कल्ले, लहान झुडपांसारखे. डोकं एवढंसं, मागून पाठीवर मांसल उंचवटा आलेला, पण आखूड.

हा उंचवटा महत्त्वाचा. कोरल कुरतडून खाणाऱ्या हर्मोडिसी कॅरन्क्युलाटा या फायरवर्मला तो मोठा आणि चुण्याचुण्यांचा असतो, अंगही भारदस्त असतं. शिवाय हर्मोडिसी अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. माझे दगड तिकडचे नाहीत. वाडग्यातला किडा ॲम्फिनोमिडी कुळातला खरा, पण युरिथोई कॉम्प्लानाटा किंवा त्याच्या अगदी जवळचा. सडकं, मेलेलं, उरलेलं खाणारा. त्याच्या नावापुढे भिंगाच्या भरवशावर मी पूर्ण जातीची खूण करणार नाही. कुळ आणि सवय पक्की कळली, एवढं मला पुरे आहे.

परत टाकीत सोडला.

७ जानेवारी

काल हातमोजे न घालता नळी उचलली होती. तर्जनीच्या पेरात सात-आठ काटे गेले. दिसत नव्हते, पण कापडाला बोट लागलं तरी आग होत होती. चिकटपट्टी दाबून लावली आणि ओढून काढली, तीन वेळा. भिंगाखाली पट्टीवर काचेच्या तुसासारखे काटे दिसले. या कुळाचे काटे चुन्याचे, ठिसूळ असतात आणि कातडीत मोडून राहतात. खाजवू नये, चोळू नये. ज्यांना कशाची ॲलर्जी आहे त्यांनी तर टाकीत उघडा हात घालूच नये. यापुढे जाड नायट्राइल हातमोजे घालायचेच.

११ जानेवारी

वाळूच्या उजेडाच्या बाजूला गंजाच्या रंगाचे चपटे ठिपके. लांबी चार-पाच मिलिमीटर, शेपटाकडे तीन टोकं. काचेवर घसरत जातात, वलयं नाहीत, काटे नाहीत. कॉन्व्होल्युट्रिलोबा. टाकीवाले यांना रेड प्लॅनेरिया म्हणतात, पण प्लॅनेरियाशी यांचं जवळचं नातं नाही. यांचा ॲसील गट आता प्लॅनेरियासारख्या चपट्या कृमींपासून वेगळाच धरला जातो.

यांच्या अंगात शेवाळाच्या पेशी राहतात, म्हणून हे उजेडाकडे गोळा होतात. संख्या वाढली की कोरलवर थर बसतो आणि कोरलला प्रकाश मिळेनासा होतो. औषधाने सगळे एकदम मारले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे जातात. म्हणून आधी संख्या खाली आणायची. हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन सायफनने एकेक ओढला. आज १४३. रोज रात्रीपेक्षा दुपारी सोपं जाईल, कारण ते तेव्हा वर येतात.

गोगलगायींशी यांचा संबंध नाही. पण नव्या दगडांबरोबर आणखी काय काय आलं असेल, याची आता मला खरी काळजी वाटते.

१५ जानेवारी

चौथी.

या वेळी रात्री बारा वाजता पाहिलं, तर गोगलगाय उलटी पडलेली आणि शंखाच्या तोंडात पाच ब्रिस्टलवर्म डोकी घालून बसलेले. हे दृश्य ज्याने पाहिलं तो दुसऱ्या दिवशी सापळे लावणारच. मीही ट्वीझर हातात घेतला होता. मग वहीतला नियम आठवला. मी त्यांना खाताना पाहिलं, मारताना नाही.

अंदाज करत बसण्यापेक्षा तपासून पाहू. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा डबा टांगला, तळाला थोडी वाळू, एक लहान जुना दगड. त्यात सहा ब्रिस्टलवर्म आणि एक जिवंत, धडधाकट टर्बो. त्याच मापाच्या दुसऱ्या डब्यात सहा ब्रिस्टलवर्म आणि कोळंबीचा मेलेला तुकडा. वेगळं खाणं कोणालाच नाही.

१६ जानेवारी

दुसऱ्या डब्यातला तुकडा सकाळी नाहीसा. पहिल्या डब्यात टर्बो काचेसारख्या भिंतीवर चढून शेवाळ खरवडत होती.

२१ जानेवारी

सहा रात्री झाल्या. पहिल्या डब्यातली टर्बो जिवंत. तिच्या पायाला जखम नाही, स्पर्श केला की नेहमीसारखी घट्ट चिकटते. उपाशी ब्रिस्टलवर्म तिच्या शंखावरून फिरताना दोनदा पाहिले. तिला काही केलं नाही.

सहा किडे आणि एक गोगलगाय, एवढ्यावर मोठा निष्कर्ष निघत नाही हे खरं. पण माझ्या टाकीपुरता संशय दुसरीकडे वळवायला एवढं पुरतं. ब्रिस्टलवर्म सगळे परत सोडले. उलट त्यांचे आभारच मानले पाहिजेत. चार मेलेल्या गोगलगायी सडून अमोनिया चढला नाही तो त्यांच्यामुळे.

२४ जानेवारी

रात्री साडेबारा. डाव्या बाजूच्या जुन्या दगडातून एक डोकं बाहेर आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. अंगावर इंद्रधनुष्यासारखी झळाळी, डोक्यावर पाच लांब शृंगिका (मिशांसारखे स्पर्शक) अर्धवर्तुळात. म्हणजे युनिसिड. ज्याला लोक बॉबिट वर्म म्हणतात तो युनिसी ॲफ्रोडिटोइस याच कुळातला. जपानमध्ये २००९ साली एका तराफ्यात सापडलेला नमुना २९९ सेंटिमीटर लांब होता, ६७३ वलयांचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूक्वेच्या एका मत्स्यालयात कोरल कातरले जात होते. शेवटी दगड एकेक करून काढले तेव्हा सुमारे चार फुटांचा किडा निघाला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पाऊण तास तिथे बसले. त्याने केलं काय? बिळापासून चार बोटांवरचा शेवाळाचा तुरा जबड्यात धरला, तोडला, आत ओढून नेला. परत आला, परत शेवाळ. शेजारून गोगलगाय गेली तेव्हा तिच्या स्पर्शाने तोच दचकून आत गेला. बाहेर आलेला भाग मोजला तर जाडी पेन्सिलीच्या शिशाएवढी.

युनिसिडांच्या खूप जाती आहेत आणि त्यांतले कितीतरी शेवाळ आणि उष्टं खाऊन राहतात. पाच शृंगिका दिसल्या म्हणजे राक्षस सापडला, असं नाही. हा जुन्या दगडात आहे, म्हणजे बहुधा चार वर्षं इथेच राहतो आहे आणि गोगलगायी मरायला नवे दगड येईपर्यंत सुरुवात झाली नव्हती. बिळाचं चित्र काढून ठेवलं. राहू दे.

२९ जानेवारी

पाचवी. काही दिसलं नाही.

कॉन्व्होल्युट्रिलोबा आज २१.

२ फेब्रुवारी

सापडला.

रात्री १ वाजून ४० मिनिटं. नव्या दगडांपैकी मोठ्याच्या पायथ्याशी एक टर्बो होती, जागेवर उभी, पण तिच्याभोवती काहीतरी चकाकत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर शंख अर्ध्यापर्यंत पारदर्शक चिकट्यात गुंडाळलेला. चिकटा दाट होता, पाण्याच्या प्रवाहात हलत होता पण सुटत नव्हता, आणि वाळूचे कण त्यात अडकले होते. त्या चिकट्याच्या आत, शंखाच्या तोंडाशी, भडक नारिंगी दोरी. तिचं दुसरं टोक दगडाखालच्या भोकात गेलेलं. दोरी हळूहळू फुगत-आकसत होती, एक लाट शंखाकडून भोकाकडे जायची.

झुबके नाहीत. बाजूचे पार्श्वपाद आहेत, पण इतके आखूड की अंग गुळगुळीत वाटतं. ब्रिस्टलवर्मच्या जवळपासही न जाणारं रूप.

मी लाल कागद काढून पांढरा उजेड टाकला. इतर किडे अर्ध्या सेकंदात पळाले असते. याने शंख सोडायला चार-पाच सेकंद घेतले आणि मग मात्र असा सर्रकन गेला की ट्वीझर पाण्यात जाईपर्यंत भोक रिकामं. टर्बोला चिकट्यातून सोडवलं. चिकटा बोटांना शेंबडासारखा लागत होता, ओढला की तार धरत होता. तिला सम्पमधल्या डब्यात ठेवलं.

३ फेब्रुवारी

टर्बो सकाळी मेली.

वर्णन जुळतं ते ओइनोनी फुल्गिडाशी. नारिंगी, काटे न दिसणारा, चिकटा सोडणारा, आणि शंख-शिंपल्यांच्या मागे लागणारा पॉलिकीट, म्हणजे ब्रिस्टलवर्म आणि युनिसिड ज्यात येतात त्याच वलयांच्या किड्यांच्या गटातला. युनिसिडांचा लांबचा भाऊ, पण डोक्यावर त्या पाच शृंगिका दिसत नाहीत. टाकीत तो बदनाम आहे तो मुख्यतः ट्रायडॅक्ना या महाशिंपल्यांमुळे, आणि माझा ट्रायडॅक्ना मॅक्झिमा त्या भोकापासून फूटभर अंतरावर आहे.

शिंपला दुपारीच दुसऱ्या टाकीत हलवला. उचलण्यापूर्वी त्याचे मुळांसारखे धागे ब्लेडने दगडाच्या अगदी लगत कापले. ते ओढून काढले तर शिंपल्याच्या आतल्या अवयवाला इजा होते. हलवताना कडा आणि खालची फट भिंगाने तपासली, कारण पिरॅमिडेलिड नावाच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या गोगलगायी तिथेच चिकटून त्याचा रस शोषतात. एकही नव्हती. सगळ्या टर्बो पण बाहेर काढल्या.

८ फेब्रुवारी

पाच रात्री सापळे. नळीत कोळंबी, नळीत कालव, बाटलीला आत वळवलेलं तोंड. पकडले गेले ते ब्रिस्टलवर्म, दोन साधू खेकडे आणि एकदा चक्क क्लाउन गोबी मासा. नारिंगी किडा फिरकला नाही. मेलेल्या मांसात त्याला रस नसावा.

१० फेब्रुवारी

दगडच बाहेर काढला. तो नऊ किलोंचा, वर दोन कोरल चिकटलेले, म्हणून दादाला बोलावलं. "दादा, सरळ वर घे, तिरका करू नकोस, भोक पाण्याबाहेर आलं की तो पडेल," असं मी सांगत होते आणि दादा म्हणाला, "तू टब पकड, दगडाचं मी बघतो." पाण्याबाहेर येताना काही पडलं नाही.

गोड्या पाण्यात दगड बुडवला असता तर किडा गेला असता, पण त्याच्याबरोबर स्पंज, ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे इवले जीव), दगडातलं सगळं जिवंत मेलं असतं आणि परत ठेवल्यावर अमोनिया चढला असता. म्हणून टबात त्याच तापमानाचं पण जास्त खारं पाणी केलं, ५० पीपीटीच्या आसपास. कोरल आधी खरवडून वेगळे काढले. दगड दोन मिनिटं बुडवला, वर घेतला, टाकीच्या पाण्याच्या बादलीत हलवला, परत बुडवला.

पहिल्या खेपेला लहान खेकडा आणि ब्रिस्टलवर्म. तिसऱ्या खेपेला खालच्या भोकातून नारिंगी टोक निघालं. बोटभर, मग वीतभर. मी रबर लावलेल्या चिमट्याने धरलं आणि ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. तरीही तुटला.

हातात आला तो १३ सेंटिमीटरचा तुकडा. एक टोक तुटलेलं, दुसरं निमुळतं, शेवटी दोन बारीक केसाळ टोकं. शेपूट. डोकं आतच राहिलं. बरेच पॉलिकीट गेलेलं शेपूट पुन्हा वाढवतात. हाती लागायला हवं ते डोकं.

दगड टाकीत परत ठेवला नाही. वेगळ्या टबात, हीटर आणि पंप लावून.

१४ फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न, फक्त मी. पाचव्या खेपेला तो स्वतःहून पूर्ण बाहेर पडला आणि टबाच्या तळाशी लोळू लागला. १९ सेंटिमीटर. मागचं टोक फिकट, जखम बुजत आलेली.

मॅग्नेशियम क्लोराइडचं सुमारे ७ टक्क्यांचं द्रावण तेवढ्याच टाकीच्या पाण्यात मिसळून त्यात ठेवला. अर्ध्या तासात सैल पडला, स्पर्शाला प्रतिसाद थांबला. मग अल्कोहोलमध्ये. मारायचाच असला तरी तडफडत मारायचा नव्हता.

भिंगाखाली डोकं: बोथट शंकू, गुळगुळीत, वरून एकही शृंगिका दिसत नाही. घसा थोडा बाहेर आला होता आणि त्यात काळे जबडे, आरशात पाहिल्यासारखे दोन्ही बाजूंना सारखे. पार्श्वपादावर काटे आहेत, पण दोन-तीनच, इतके आखूड की वीसपट वाढवूनच दिसले. नारिंगी रंग अल्कोहोलमध्ये तासाभरात उडायला लागला, म्हणून फोटो आधीच काढून ठेवले हे बरं झालं. ओळख रंगावर ठेवायची नाही हेही त्यावरून कळलं. बाटलीतला नमुना आता मळकट पिवळा आहे.

दुसरा नवा दगडही तसाच चार खेपा बुडवून पाहिला. फक्त ब्रिस्टलवर्म आणि एक लहान सायपुंक्युलिड किडा, शेंगदाण्यासारखा आकसून बसलेला. निरुपद्रवी. दगडात परत जाऊ दिला.

२० फेब्रुवारी

मोठा दगड टाकीत. चार टर्बो सोडल्या, शंखांवर रंगीत ठिपके देऊन. शिंपला अजून बाहेरच.

७ मार्च

पंधरा दिवस. चारही टर्बो रोज रात्री मोजते, चारही आहेत. कॉन्व्होल्युट्रिलोबा गेल्या आठवड्यात एकही नाही, पण सायफनची नळी टाकीजवळच ठेवली आहे. व्हर्मेटिडच्या चारही नळ्या जेलने बंद केल्या.

२१ मार्च

शिंपला आज जागेवर आला. चार तासांत प्रावार, म्हणजे कवचाबाहेर येणारी मांसल झालर, पूर्ण पसरला, निळ्या कडा दिसायला लागल्या.

रात्री एक वाजता लाल दिव्यात पाहिलं. टेरेबेलिडचे दोरे वाळूवर होते. डाव्या दगडातला युनिसिड बाहेर येऊन शेवाळ तोडत होता, आज दोन बोटं जास्त बाहेर. मोठ्या दगडाखालच्या भोकात स्पंजचा कोवळा पिवळा थर धरू लागला आहे आणि पिवळ्या ठिपक्याची टर्बो त्याच्या तोंडावरून सरकत गेली.